मदत हवी आहे: राखेची वीट की लाल वीट? एलसीएमधल्या मूल्यांच्या निवडी प्रबंधात कशा मांडायच्या?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. करतेय. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांतल्या राखेची वीट आणि भट्टीतली लाल वीट यांची जीवनचक्र मूल्यमापनाने, म्हणजे एलसीएने (कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतच्या पर्यावरणीय परिणामांच्या हिशोबाने), तुलना करतेय. आकडेमोड जमतेय. अडलंय ते त्याआधीच्या निवडींपाशी.

राख हा कचरा धरला तर कोळसा जाळण्याचा सगळा भार विजेवर जातो आणि वीट स्वच्छ ठरते. उपउत्पादन धरलं तर थोडा वाटा विटेवरही येतो. राख विकली जात असेल, तर तिला कचरा कुठवर म्हणायचं?

मग काळाचा प्रश्न. साठलेल्या राखेतून आर्सेनिकसारखे घटक हळूहळू पाण्यात उतरतात. रेसिपी २०१६ या परिणाम मोजायच्या पद्धतीतला 'व्यक्तिवादी' दृष्टिकोन २० वर्षं बघतो, मधला 'श्रेणीवादी' १०० वर्षं, 'समतावादी' फार पुढचं. सॉफ्टवेअरमध्ये तर १०० वर्षांनंतरचं उत्सर्जन एका क्लिकवर वगळता येतं. नातवंडा-पतवंडांचं पाणी असं गुपचूप हिशोबाबाहेर टाकायला माझं मन धजत नाही.

सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. राखेच्या तलावाशेजारचा माणूस उन्हाळाभर धूळ श्वासात घेतो, घर मात्र शहरात उभं राहतं. एलसीए दोघांचं आरोग्य एकाच बेरजेत घालते. म्हणून कुठल्या परिणामाला किती भार द्यायचा, हे गावकऱ्यांना विचारून ठरवावं असं मला वाटतं. मार्गदर्शक सर म्हणतात, "विज्ञानात मतं नकोत, १०० वर्षांचं डिफॉल्ट घे." पण डिफॉल्टही कुणीतरी निवडलेलंच असतं ना?

गावकऱ्यांनी दिलेले भारांक (कुठल्या परिणामाला किती महत्त्व, याचे आकडे) तुलनेत वापरता येतील का?

प्रतिसाद:

तुमचा मुद्दा योग्य आहे, आणि सरांना दाखवायला आधारही आहे. एकच अंतिम गुण काढायला वैज्ञानिक पाया नाही, भारांक म्हणजे मूल्यांची निवड, हे एलसीएच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ १४०४० मध्येच म्हटलंय. मात्र जाहीर करायच्या तौलनिक दाव्यात भारांक वापरायला त्याचं जोडमानक आयएसओ १४०४४ मनाई करतं. तेव्हा तुलना प्रत्येक परिणामाची वेगवेगळी दाखवा. कचरा आणि उपउत्पादन, दोन्ही धरून निकाल काढा; वाटपाच्या (वीज आणि राख यांच्यात भार वाटून देण्याच्या) एकाहून जास्त पद्धती लागू पडत असतील तर संवेदनशीलता विश्लेषण, म्हणजे निवड बदलली की निकाल किती बदलतो याची तपासणी, करायलाच हवं. काळाचे तिन्ही दृष्टिकोन शेजारी-शेजारी ठेवा. कुठली निवड का केली, हे उद्दिष्ट आणि व्याप्तीच्या प्रकरणातच लिहा, परिशिष्टात नको.

गावकऱ्यांचं म्हणणं स्वतंत्र प्रकरणात घ्या, धुळीच्या स्थानिक मोजणीसोबत. मोजणी मे संपायच्या आत उरका, पाऊस लागला की धूळ बसते.