मॉड्यूलची सीमा कामाच्या क्रमाने आखावी की बदलणाऱ्या निर्णयाभोवती?

धागाकर्ता, नाशिक
कांदा निर्यात करणाऱ्या पिंपळगाव बसवंतच्या एका पेढीसाठी आम्ही चौघांनी सॉफ्टवेअर लिहिले, तेव्हा त्याचे भाग, म्हणजे मॉड्यूल, कामाच्या क्रमानेच पाडले: खरेदी, प्रतवारी, पॅकिंग, कंटेनर, बिल. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून स्वस्त माल बाहेर पाठवता येत नाही) ठरले, डिसेंबरमध्ये बंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली खरी, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून. सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. यातल्या प्रत्येक वेळी आम्हाला पाचांपैकी किमान तीन भाग उघडावे लागले, कारण निर्यातीचा नियम कोणा एकाच्या ताब्यात नव्हता. तो गिऱ्हाइकाला भाव सांगताना, कंटेनर भरताना आणि बिल करताना वेगवेगळा लिहिलेला होता.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच लिहून ठेवले आहे की प्रक्रियेचा आराखडा समोर ठेवून मॉड्यूल पाडू नयेत, तर बदलण्याची शक्यता असलेला एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवावा. आम्ही नेमके उलटे केले, आणि माझ्या मते बहुतेक व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये असेच होते.

प्रतिसाद, सातपूर
आपला निष्कर्ष घटना घडून गेल्यावर सुचलेला आहे. २०२२ मध्ये आपणास विचारले असते की काय बदलेल, तर आपण बहुधा प्रतवारीचे निकष म्हणाला असता, त्याभोवती सुबक भिंत बांधली असती आणि ती आजही विनाकारण उभी असती. चुकीच्या जागी घातलेली भिंत पाडणे हे भिंत नसण्यापेक्षा अवघड असते, कारण दोन्ही बाजूंचा कोड तिच्या आधाराने वाढलेला असतो.

शिवाय ‘शुल्क’ नावाचे मॉड्यूल केले असते तरी त्याला विचारायचा प्रश्न ‘दर किती?’ हाच असता. बंदी आल्यावर त्याने काय उत्तर द्यावे? शंभर टक्के? किमान मूल्य तर टक्क्यांत बसतच नाही.

धागाकर्ता
हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तेव्हा मी ‘दर किती?’ असेच लिहिले असते हेही. परंतु त्यातून सीमा नको हे सिद्ध होत नाही, प्रश्न चुकला होता एवढेच दिसते. ‘हा माल या किमतीला आज जाऊ शकतो का, आणि गेल्यास किती भरावे लागेल?’ असे विचारले असते, तर शुल्क, किमान मूल्य आणि बंदी तिन्ही त्याच दाराआड राहिली असती. आकडा वेगळा काढून ठेवणे आणि निर्णय लपवणे यांत हाच फरक आहे.

प्रतिसाद, अंबड
नियमांचा भाग वेगळी सेवा म्हणून स्वतंत्र सर्व्हरवर का ठेवला नाही? मग तो एकटाच बदलून चढवता आला असता.

धागाकर्ता
चार माणसांच्या चमूला ते परवडत नाही. एकाच प्रोग्रॅममध्ये साध्या फंक्शनने होणारे काम नेटवर्कवरून करायचे, तर उत्तर न येण्याचीही तजवीज लिहावी लागते. अॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओच्या एका चमूने २०२३ मध्ये आपली देखरेखीची विखुरलेली व्यवस्था एकाच प्रक्रियेत आणून खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटल्याचे सांगितले होते. मॉड्यूल होण्यासाठी वेगळा सर्व्हर लागत नाही.

प्रतिसाद, सातपूर
सेवेबाबत सहमत. मात्र आपल्या नव्या प्रश्नातला ‘आज’ हा शब्द मला खटकतो. शुल्काचा दर कस्टम्सने माल चढवण्यास परवानगी दिलेल्या दिवसाचा धरतात, सौद्याच्या दिवसाचा नाही. म्हणजे भाव सांगताना आपले मॉड्यूल अंदाज देणार आणि पक्के उत्तर देण्यासाठी त्याला कंटेनरच्या भागाकडून तारीख घ्यावी लागणार. लपवलेला निर्णय शेजाऱ्याच्या माहितीवाचून पुरा होत नसेल, तर ती सीमा आपण म्हणता तितकी बंद आहे का?

धागाकर्ता
तारीख विचारणाऱ्यानेच सोबत द्यावी, असे तूर्त ठरवतो. मग मॉड्यूलला कंटेनरचा भाग माहीत असण्याची गरज उरत नाही. पण अंदाज आणि पक्का आकडा ही दोन वेगळी उत्तरे आहेत, आणि ती आम्ही एकाच रकान्यात साठवत आलो आहोत. जुनी बिले उघडून पाहावी लागतील.