सेलिब्रिटी अचानक शेजारी येऊन उभा राहिला तर करायचं काय?

उंटावरचा_शहाणा
मंडळी, परवा जाम फजिती झाली, डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे टाकतोय. एअरपोर्टवर बॅगांच्या पट्ट्याशी उभा होतो, पहाटेची वेळ, डोळ्यांवर झोप, आणि सहज शेजारी बघतो तर एक बऱ्यापैकी मोठा नट! नाव सांगणार नाही, का ते कळेलच. टोपी, मास्क सगळा सरंजाम होता पण आवाजावरून ओळखला, कारण खांद्यावर झोपलेल्या पोराला थोपटत तो काहीतरी पुटपुटत होता. मी आयुष्यात कुणाच्या मागे ऑटोग्राफसाठी वगैरे धावलेलो नाही, पण त्या क्षणी काय झालं देव जाणे, मेसेज वाचतोय असं नाटक करत फोन वर धरला आणि बटण दाबलं. फ्लॅश चालू होता!! एकदम लख्खकन उजेड, पोरगं दचकून उठलं आणि भोकाड पसरलं. तो ओरडला नाही, काही बोललाही नाही, माझ्याकडे नुसतं बघितलं आणि पाठ करून उभा राहिला. माझी बॅग तेव्हाच समोरून गेली, ती उचलायचंसुद्धा सुचलं नाही, अख्खा फेरा मारून परत आली तोवर मी तिथेच खांबासारखा.

फोटो डिलीट केलाय (होतं काय त्यात, पोराचा एक बूट आणि निम्मा कान). मित्र म्हणतात त्यात काय एवढं, त्यांना सवय असते. मला ते पटत नाहीये. मग करायला काय हवं होतं? सरळ जाऊन बोलायचं, की बघूनही न बघितल्यासारखं करायचं?

विंगेतला_माणूस
मी काही वर्षं नाटकांची लाइट्स केलीत, त्यामुळे हे तमाशे बरेच बघितलेत. माझा हिशोब साधा आहे, समोरचा आत्ता ड्युटीवर आहे का नाही ते बघायचं. प्रयोग संपल्यावर मागच्या दाराशी लोक थांबतात तेव्हा नटालाही माहीत असतं की हा कामाचाच भाग आहे, तो तोंडावर पाणी मारून, तयार होऊनच बाहेर येतो. बॅगेची वाट बघणारा माणूस ड्युटीवर नसतो. आणि पोर खांद्यावर असेल, तोंडात घास असेल, फोन कानाला असेल किंवा जागा दवाखान्यातली असेल तर विषयच संपला, तिकडे फिरकायचं नाही.

एरवी बोलावंसं वाटलंच तर जरूर बोला, पण एकच वाक्य, आणि असं की ज्याला उत्तर द्यायची गरजच पडू नये. "तुमचं अमुक काम बघितलं, तो शेवटचा प्रसंग अजून आठवतो." झालं. आणि बोलता बोलताच पाय उचलायचा! हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुम्ही थांबलात की त्याला थांबावं लागतं. "मला ओळखलंत का, तीन वर्षांपूर्वी आपण भेटलो होतो" असं तर चुकूनही नको, मी लोकांचे चेहरे पडताना बघितलेत, दोन्हीकडचे.

रोखठोक
मी जरा उलटं बोलतो, राग नसावा. सिनेमा यायचा असला की हेच लोक एअरपोर्टवर फोटोवाल्यांना आधी निरोप धाडतात आणि मग तोंड लपवत चालल्याचा अभिनय करतात. घराचे, लग्नाचे, पोरांच्या वाढदिवसाचे फोटो स्वतःच टाकतात. मग पब्लिकने एक फोटो काढला की प्रायव्हसी? फ्लॅश ही चूक मान्य, पण त्यासाठी रात्र रात्र जागायची गरज नाही.

विंगेतला_माणूस
@रोखठोक निरोप धाडतात हे खरंच आहे, पण सगळे नाही आणि रोज तर नाहीच. उलटी उदाहरणंही आहेत ना, २००७ साली लंडनला नाटक करत असताना हॅरी पॉटरवाला डॅनियल रॅडक्लिफ रोज तेच जॅकेट आणि तीच टोपी घालून थिएटरबाहेर पडायचा. फोटो सगळे एकाच दिवशी काढल्यासारखे दिसायचे त्यामुळे पेपरवाल्यांना काही उपयोग नाही. ज्याला प्रसिद्धी हवी असते तो असले उद्योग कशाला करेल.

दुपारची_चहाटळ
आणि @रोखठोक, पोरांचं वेगळं असतं हो. आईबापांनी फोटो टाकायचं ठरवणं वेगळं आणि कुणी झोपेतून उठवून काढणं वेगळं. कॅलिफोर्नियात २०१३ मध्ये हॅली बेरी आणि जेनिफर गार्नर ह्या दोघी हॉलिवूडच्या नट्यांनी आमदारांपुढे जाऊन सांगितलं की फोटोवाले आमच्या मुलांच्या मागे लागतात, मुलं घाबरतात, आणि त्याच वर्षी तिथला कायदा कडक झाला. उंटावरच्याचं प्रकरण त्यातलं नाही, एक फ्लॅश म्हणजे पाठलाग नव्हे. पण बापाने पाठ का केली ते ह्यातून कळावं.

मूळ प्रश्नाबद्दल म्हणाल तर मला वाटतं गप्पा मारायला बऱ्याच जणांची हरकत नसते, खरी कटकट फोटोची. हॅरी पॉटरमधल्याच एमा वॉटसनने २०१७ मध्ये एका मुलाखतीत हे फार छान सांगितलं होतं, की फोटो पोस्ट झाला की मी आत्ता नेमकी कुठे आहे ते अख्ख्या जगाला कळतं, त्यापेक्षा बसा, काय विचारायचं ते विचारा, मी उत्तरं देते. म्हणजे आपल्याला वाटतं दोन सेकंदांचं तर काम आहे, पण तिचा त्या ठिकाणचा अख्खा दिवस जातो. काढलाच फोटो, अर्थात विचारून, तर निदान तिथून निघाल्यावर टाकावा, जागेवरून लाइव्ह नको.

जुना_खोडरबर
सहीचीही गंमत नाही राहिली आता. नील आर्मस्ट्राँग वर्षानुवर्षं मागेल त्याला सही द्यायचा, मग कळलं लोक त्या विकतात, १९९४ च्या सुमारास बंदच केलं. बीटल्स बँडचा ड्रमर रिंगो स्टारनेही २००८ साली व्हिडिओ काढून जाहीर केलं की आता सहीसाठी काही पाठवू नका. सगळ्यात भारी आयडिया अमेरिकन विनोदी नट स्टीव्ह मार्टिनची, तो म्हणे एक छापील कार्डच देत असे, "तुमची माझी प्रत्यक्ष भेट झाली आणि मी तुम्हाला प्रेमळ, नम्र, हुशार आणि विनोदी वाटलो" अशा अर्थाचं. 😀

बाकी आपल्याला ती माणसं ओळखीची वाटतात ह्यात आपला फार दोष नाही. रोज संध्याकाळी आपल्याच खोलीत येऊन बोलत असतात ना. १९५६ मध्येच हॉर्टन आणि वोल नावाच्या दोन अभ्यासकांनी ह्या एकतर्फी ओळखीवर लेख लिहिला होता, तेव्हा तर टीव्ही नवा नवाच होता. आमचंच सांगतो, एका लग्नात एका माणसाला बघून मी ओळखीचं हसलो, हात हातात घेतला, म्हटलं बरेच दिवसांनी! तोही हसला. घरी आल्यावर ट्यूब पेटली की हा बातम्या देतो, मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा भेटलो होतो.

उंटावरचा_शहाणा
@जुना_खोडरबर 😂 हे वाचून जरा बरं वाटलं. अजून एक, त्याला इन्स्टावर सॉरीचा मेसेज करू का? टाइप करून ठेवलाय, जरा लांबलाय.

दुपारची_चहाटळ
नको. पोर रडलं तेव्हा "सॉरी हं, चुकलं" एवढं म्हणायचं होतं, ती वेळ गेली. आता तो मेसेज म्हणजे तुम्हाला झोप लागावी म्हणून त्याला दिलेलं अजून एक काम. किती लांब आहे पण?

उंटावरचा_शहाणा
चार परिच्छेद.

रोखठोक
बाबा रे, त्यापेक्षा फोटो बरा होता.