पाऊण सेकंदाच्या मुक्तपतनात विद्यार्थ्यांनी कोणता प्रयोग करावा?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका)
नववी-दहावीच्या सहा विद्यार्थ्यांना सूक्ष्मगुरुत्वाचा, म्हणजे मोकळ्या पडणाऱ्या पेटीत वस्तूंचे वजन जवळजवळ नाहीसे होते त्या अवस्थेचा, प्रयोग स्वतः आखून पार पाडायचा आहे. जिन्याच्या मोकळ्या जागेत पेटी ३ मीटर उंचीवरून सोडता येते, म्हणजे मुक्तपतनासाठी जेमतेम ०.७८ सेकंद हाती येतात. निम्म्यांना पेटीत मेणबत्तीची ज्योत पाहायची आहे, तर उरलेल्यांना काचनळीत चढणारे पाणी. एवढ्या वेळात काय साधेल? शिवाय दोन चाचण्यांच्या चित्रणात पेटी सुटण्याआधीच पाणी हिंदकळलेले दिसते, त्यावर उपाय काय?

उत्तर (भौतिकशास्त्राचे प्राध्यापक)
मी पाणी निवडेन. मुक्तपतनात तापलेली हवा वर जात नाही, त्यामुळे ज्योत गोलसर आणि मंद होऊ लागते. पण पाऊण सेकंदात ती स्थिरावत नाही, आणि अर्धवट बदललेल्या ज्योतीचे मोजमाप करताना मुले गोंधळतात. पाण्याचे तसे नाही. जमिनीवर १ मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ काचनळीत ते सुमारे ३० मिलिमीटर चढते, ३ मिलिमीटरच्या नळीत १०, कारण पाण्याचे वजन त्याला तिथे अडवते. मुक्तपतनात ही अडवणूक सुटते आणि पाणी काही सेंटिमीटर धावत जाते. तेव्हा नळ्या निदान २० सेंटिमीटर लांब घ्या. सेकंदाला २४० चित्रे टिपणारा मोबाइल असेल तर प्रत्येक पतनाची सुमारे १८७ चित्रे मिळतील, आणि ती भरपूर झाली. मात्र अपेक्षित उत्तर मुलांकडून आधीच लिहून घ्या; नंतर सगळ्यांनाच ते ‘आधीपासून माहीत’ असते.

उत्तर (प्रयोगशाळा साहाय्यक)
पाणी हिंदकळते ते हाताने सोडल्यामुळे. पेटी दोऱ्याने टांगा, पाणी पूर्ण निवळू द्या, मग दोरा जाळा. कात्रीचाही किंचित हिसका बसतो. हवेचा रोधही दुर्लक्षू नका. ५ किलोच्या, ३० सेंटिमीटर चौरस तळाच्या पेटीवर शेवटच्या क्षणी सुमारे ३ न्यूटन बल येते, म्हणजे आत तिच्या वजनाच्या सहा-सात टक्के ‘गुरुत्व’ शिल्लक राहते. यावर जुनाच तोडगा आहे: पेटीत पेटी. बाहेरची पेटी हवा झेलते आणि आतली तिच्यात स्वतंत्रपणे पडते. क्लीव्हलँडमधील नासाच्या २.२ सेकंदांच्या पतनमनोऱ्यात, जिथे शाळकरी मुलांचेही प्रयोग झाले आहेत, हीच युक्ती वापरतात. बाहेरची पेटी मागे रेंगाळत असल्याने आतल्या पेटीखाली आठ-दहा सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. दोन्ही पेट्यांचे दोरे एका गाठीत आणून गाठीच्या वर जाळा, म्हणजे त्या एकदमच सुटतील.

उत्तर (निवृत्त शिक्षक)
ज्योतीवाल्या मुलांची समजूत काढताना ज्युडिथ माइल्सची गोष्ट सांगा. तिने शाळेत असताना सुचवलेल्या प्रयोगासाठी १९७३ मध्ये स्कायलॅब या नासाच्या अंतराळस्थानकावर अरॅबेला आणि अनिता हे दोन कोळी पाठवले गेले. अरॅबेलाची पहिली जाळी विस्कळीत होती, पुढे ती सुधारली. ही सुधारणा दिसायला दिवस हाताशी हवे होते, आणि कक्षेत ते होते. आपल्यापाशी पाऊण सेकंद आहे, म्हणून प्रश्नही तेवढ्यात बसणाराच हवा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
आभार. दोरा जाळून पाहिला. पाणी आता सुटेपर्यंत शांत असते. १, २ आणि ३ मिलिमीटरच्या नळ्या आणल्या असून दुसरी पेटी तयार होत आहे. पाच जणांनी लिहून दिले आहे की सर्वांत बारीक नळीत पाणी सर्वाधिक चढेल. एकीने मात्र सर्वांत जाड नळीचे नाव लिहिले आणि कारण दिले की वजनच उरले नाही तर पाण्याला अडवणारे फक्त भिंतीचे घर्षण राहते, आणि ते जाड नळीत कमी असते. मी कोणालाही काही सांगितलेले नाही.