गावच्या चर्चचा मनोरा वाचवायचाय, निधी कसा उभारावा?

वसईची_लेक
नमस्कार मंडळी. आमचं गाव वसई तालुक्यात. चर्च पोर्तुगीज काळातलं, म्हणजे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्याच्याही आधीचं. पुढे बरीच डागडुजी झाली, पण घंटेचा मनोरा जुनाच आहे. गेल्या पावसाळ्यात वरच्या कमानीजवळचा गिलावा पडला. तळहाताएवढा तुकडा मी उचलून घरी आणलाय. मोडलेल्या कडेला शिंपल्यांचा चुरा आणि बारीक रेती स्पष्ट दिसते. दक्षिणेच्या भिंतीत पिंपळ रुजलाय, त्याच्या शेजारून उभी भेग गेलीय. फादरांनी घंटा वाजवणं थांबवलं. आई संध्याकाळच्या आंजेलूसच्या (प्रार्थनेच्या) घंटेला भात टाकायची, आता रोज मला वेळ विचारते.

एका ठेकेदाराने सिमेंटचा गिलावा आणि आरसीसीचा पट्टा धरून ४० लाख सांगितले. पॅरिश कौन्सिलमधले (चर्चच्या गावसमितीतले) काही जण म्हणतात, एवढ्या पैशात पाडून नवाच बांधू. मला तो पाडू द्यायचा नाही. सणाच्या वर्गणीतून चार-पाच लाख जमतील. बाकीचे कुठून आणायचे? गावची बरीच मंडळी आखातात आणि कॅनडात आहेत. सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी, मिळतो का? ऑनलाइन देणग्या मागाव्यात का? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

चुनावाला
ताई, त्या ४० लाखांच्या आकड्यावर एक रुपयाही गोळा करू नका, ही कळकळीची विनंती. मी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचंच काम करतो. चुन्यात बांधलेली भिंत पावसाळ्यात ओल पिते आणि उन्हाळ्यात सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. पाच-सहा वर्षांनी सिमेंट पडतं ते दगडाचा चेहरा घेऊनच. तुमच्या हातातल्या तुकड्यात शिंपले दिसतात म्हणजे तो चुन्याचाच गिलावा आहे. जपून ठेवा, तपासणीला उपयोगी पडेल, नवं मिश्रण त्याच्याशी जुळवून करता येईल.

पिंपळ उपटू नका! मूळ ओढलं की दगडही निघतो. बुंध्याशी कापून मूळ जागच्या जागी मारायचं, ते सुकल्यावर पोकळी चुन्याने भरायची.

भेगेचं आजच करा. काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की करा, बाजूला तारीख लिहा. अशा तीन-चार, खालपासून वरपर्यंत. पट्टी तडकली तर भेग अजून हलतेय. पुढचा पावसाळा जाऊनही शाबूत राहिली तर भेग जुनी, निवांत आहे. कामाचा आवाका यावर ठरतो, पाडायचं की नाही तेही. आणि तो वाद कौन्सिलमध्ये आवाज चढवून सुटणार नाही, काच दाखवून सुटेल.

मग कन्झर्वेशन आर्किटेक्टकडून (जुन्या वास्तूंच्या जतनातल्या वास्तुविशारदाकडून) पाहणी अहवाल घ्या. मोजमापाचे नकाशे वास्तुकलेची मुलं आनंदाने करतात, एखाद्या महाविद्यालयाला विचारून बघा. पहिली मोहीम फक्त अहवाल आणि तातडीच्या कामासाठी ठेवा: छप्पर, पाण्याची वाट, झाड, टेकू. हे एका मोसमात होतं, नोव्हेंबर ते मे.

फोंडेकर
छपराचं अगदी खरं. जुन्या गोव्याचा सेंट ऑगस्टीनचा मनोरा आठवा. १६०२ चा, ४६ मीटर उंच. संन्यासी गेले, वास्तू ओस पडली, १८४२ मध्ये छत कोसळलं आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. घंटा वेळीच हलवली म्हणून आज पणजीच्या चर्चवर वाजते. तिथल्याच बॉम जेझूस चर्चचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला, तेव्हापासून तिथला जांभा पावसाचा मारा उघड्या अंगावर घेतोय.
निधीसाठी एक दार: फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेने जुन्या गोव्यातल्या डोंगरावरच्या चॅपलचं काम केलंय. पणजीत त्यांची कचेरी आहे. अहवाल हातात आला की पत्र लिहा.

हिशेबनीस_ठाणे
मी सीए आहे. पैशांच्या वाटा नीट समजून घ्या, नाहीतर चांगल्या कामाला गालबोट लागतं.
पैसे चर्चच्या नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यातच घ्या, कुणाच्या खासगी यूपीआयवर अजिबात नको. आखातातली मंडळी भारतीय पासपोर्टवर आहेत, त्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. कॅनडात ज्यांनी नागरिकत्व घेतलं, त्यांचे पैसे मात्र परकीय निधी ठरतात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी. त्याला एफसीआरए (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. फोंडेकरांनी सांगितलेल्या संस्थेलाही हेच लागू.
८०जी ची सवलत, म्हणजे देणगीदाराला मिळणारी आयकरातली वजावट, एका धर्माच्या ट्रस्टला सहसा मिळत नाही. केंद्राने राजपत्रात ऐतिहासिक म्हणून जाहीर केलेल्या प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीला ५० टक्के वजावट आहे, पण तुमचं चर्च त्यात नसेल तर देणगीदारांना तसं आश्वासन देऊ नका.
सीएसआर: कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती बसते. ट्रस्टकडे कागदपत्रं पुरी नसतील तर इंटॅकसारख्या वारसा जपणाऱ्या संस्थेमार्फत जा. कुलाब्याच्या अफगाण चर्चचं काम इंटॅक, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड आणि सिटी इंडिया यांच्या साथीनेच झालं.
चर्च वसई किल्ल्याच्या ३०० मीटरच्या आत असेल तर दुरुस्तीलाही पुरातत्त्वाची परवानगी लागेल.

संगमेश्वरी
आमच्या ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार केला तेव्हाचा अनुभव सांगतो. आधी "सढळ हस्ते मदत करा" असे फलक लावले. फारसं काही आलं नाही. मग सुताराला बसवून यादी केली: एक वासा एवढ्याला, शंभर कौलं एवढ्याला, एक खांब एवढ्याला. पंधरा दिवसांत मुंबईच्या चाकरमान्यांनी वासे वाटून घेतले. आपल्या नावाचा वासा कोणता ते बघायला लोक शिमग्याला पोरांना घेऊन आले. तुम्हीही मनोऱ्याची पायरी, कमानीचा दगड, चुन्याची गोणी अशी यादी करा. दर महिन्याचा हिशेब चर्चच्या दारात लावा.
चूक सांगतो: पहिल्या वर्षी दोन पावतीपुस्तकं वेगवेगळ्या हातांत होती, ताळा लागला नाही. गावात कुजबुज झाली आणि वर्ष फुकट गेलं. पुस्तक एकच ठेवा, सह्या दोघांच्या.

टोरांटोकर
मी तुमच्याच बाजूचा, गाव सांगत नाही. इथे आमच्या घरी सगळे ती घंटा ऐकत वाढलेले. घंटेचा आवाज कुणाच्या मोबाईलमध्ये असेल तर मागणीच्या निरोपासोबत तोच पाठवा, पत्रकाआधी. माझा भारतीय पासपोर्ट अजून आहे, पहिल्या टप्प्यात मला धरा.

वसईची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी मिस्सानंतर फादरांना आणि कौन्सिलला हे सगळं वाचून दाखवलं. पाडण्याचा विषय पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबलाय. पहिली मागणी फक्त अहवाल, छप्पर आणि पिंपळासाठी ठेवतोय, पावतीपुस्तक एकच. टोरांटोकर, २०१९ च्या सणाचं एक ध्वनिमुद्रण चुलतभावाकडे सापडलंय.
काल शिडी लावून चार काचा बसवल्या, तारखा पेन्सिलने लिहिल्या. चुनावाला दादा, पेन्सिल पावसात टिकेल का, की खिळ्याने कोरू? आणि वसई-पालघर भागात चुना मुरवून काम करणारे गवंडी अजून कुणाच्या माहितीत आहेत का?