विषाणूंचा इथे काय संबंध?

आठवणी कशा टिकतात यावर बोलताना कुणी म्हटलं, की मेंदूत नवी प्रथिनं बनली नाहीत तर आठवण टिकत नाही, पण विषाणूंचा इथे काय संबंध? यातलं पहिलं मान्य. शास्त्रज्ञ फ्लेक्सनर यांनी १९६३ मध्येच उंदरांच्या मेंदूत प्युरोमायसिन (प्रथिनं बनणं रोखणारं औषध) टोचून ते दाखवलं होतं. पण दुसरं नाही पटलं.

मेंदूच्या पेशींमधलं आर्क हे प्रथिन घ्या. ते नसलेल्या उंदराला शिकवलेलं थोडा वेळ आठवतं, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. २०१८ मध्ये युटा विद्यापीठात जेसन शेफर्ड यांच्या चमूने दाखवलं, की आर्क एचआयव्ही विषाणूसारखी गोल पोकळ कवचं बांधतं, आत स्वतःचाच आरएनए (प्रथिन बनवण्याची सूचना वाहणारा रेणू) भरतं आणि तो शेजारच्या पेशीत पोचवतं! आर्क बनवणारं जनुकच मुळात विषाणूंच्या भाऊबंदांकडून कोट्यवधी वर्षांपूर्वी घुसलेलं. फळमाशीतही असंच आहे, आणि तिथे ते स्वतंत्रपणे आलंय (मला तर हेच जास्त चक्रावून टाकतं).