प्रति: सरळ विचारलं तर काय बिघडतं?
प्रवाशांच्या सर्वेक्षणाबद्दल वर सुचवलंय की त्यांना सरळ विचारावं, तिकीट महत्त्वाचं की वेळ. असं विचारलं की लोक 'दोन्ही' म्हणतात, आणि ते खोटंही नसतं. पण वेळ वाचवायला ते किती पैसे सोडतील, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी दोन-तीन पूर्ण पर्याय समोर ठेवून एकच निवडायला लावावं लागतं.

खरी मेहनत हे पर्याय ठरवण्यात, म्हणजे मांडणीत आहे. भाडं, प्रवासाचा वेळ, गाडीसाठी थांबणं आणि गर्दी हे ४ गुणधर्म, प्रत्येकाच्या ३ पातळ्या (कमी, मध्यम, जास्त) धरल्या तर ८१ पर्याय होतात. ऑर्थोगोनल मांडणीत, म्हणजे कुठल्याही दोन गुणधर्मांच्या पातळ्यांची प्रत्येक जोडी सारख्याच वेळा येईल अशा मांडणीत, त्यातले नेमके निवडलेले ९ पुरतात. मात्र गर्दीत तोच वेळ जास्त खुपतो, हा जोडपरिणाम त्या ९ मधून वेगळा काढता येत नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो, म्हणून मी जास्त पर्याय घेईन. आणि 'यातलं काहीच नको' हा पर्याय कृपया गाळू नका, नाहीतर मागणी फुगून दिसते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वेचं उदाहरण इथे यायलाच हवं. ती सुरू होण्याआधी अर्थशास्त्रज्ञ डॅनिएल मॅकफॅडन यांच्या गटाने कामावर जाणाऱ्यांपैकी ६.३ टक्के लोक ती वापरतील असा अंदाज बांधला. अधिकृत अंदाज १५ टक्के होता. प्रत्यक्षात निघाले ६.२. मॅकफॅडन यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा आधार होता लोकांचा प्रत्यक्ष प्रवास. म्हणून आपल्या प्रश्नावलीत प्रत्येकाच्या सध्याच्या प्रवासाचीही नोंद घ्या; काल्पनिक पर्यायांतली निवड आणि प्रत्यक्ष प्रवास, ही दोन्ही माहिती एकाच गणिती मॉडेलमध्ये बसवता येते.