‘थायरॉईड वाढलाय’ म्हणजे नेमके काय वाढले?

प्रश्न

माझ्या मावशीच्या रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉईड स्टिम्युलेटिंग हॉर्मोन) १४.२ आला आणि आकड्यापुढे ‘जास्त’ अशी खूण होती. घरात सगळे ‘थायरॉईड वाढलाय’ असे म्हणू लागल्यामुळे, डॉक्टरांनी दिलेली गोळी तो कमी करण्यासाठीच असणार, अशी तिची समजूत झाली. गोळीच्या पाकिटावर मात्र ‘थायरॉक्सिन’, म्हणजे थायरॉईडच्याच स्रावाचे नाव होते. जे वाढले आहे तेच वरून कशाला द्यायचे, या तिच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. हा शब्दप्रयोग चुकीचा आहे का, आणि थायरॉईडला मराठीत ‘अवटू’ म्हटल्याने हा घोळ टळेल का?

प्रतिसाद १

घोळ असा आहे की या वाक्यातील ‘थायरॉईड’ तीन वेगळ्या गोष्टींना लागू पडतो. गळ्यातील ग्रंथी आकाराने वाढली, तर त्याला आपल्याकडे ‘गलगंड’ हा जुना शब्द आहे. (गंडमाळ निराळी; त्या मानेतील सुजलेल्या लसीका गाठी.) ग्रंथीचे संप्रेरक (हॉर्मोन), म्हणजे थायरॉक्सिन, रक्तात वाढले, तर ती अतिक्रियता, त्यात छाती धडधडते, वजन घटते, हात कापतात आणि कार्बिमॅझोलसारखे संप्रेरक कमी करणारे औषध देतात. आपल्या मावशींच्या बाबतीत वाढला तो टीएसएच. त्याच्या नावात थायरॉईड असली तरी तो थायरॉईडचा स्राव नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तो स्रवते आणि त्याद्वारे थायरॉईडकडे कामाचा तगादा लावते. थायरॉईड मंदावली की तगादा वाढतो, आणि तगादा वाढला म्हणजे वसुली वाढली असे कोणी म्हणत नाही. म्हणून अपुरे पडणारे थायरॉक्सिन गोळीतून, सकाळी उपाशीपोटी देतात. मात्र पीयूषिकाच आजारी असेल, तर थायरॉक्सिन कमी असूनही टीएसएच वाढत नाही. त्यामुळे संशय असल्यास डॉक्टर टी-४ (रक्तातील थायरॉक्सिन) सोबत पाहतात.

‘मला थायरॉईड आहे’ या वाक्याला मात्र मी चूक म्हणणार नाही. थायरॉईड सर्वांनाच असते हा विनोद जुना झाला. ‘त्यांना बीपी आहे’, ‘शुगर आहे’ याच धर्तीवर मराठीने अवयवाचे नाव आजाराला दिले आहे. फक्त डॉक्टरांसमोर तेवढ्यावर थांबू नये.

प्रतिसाद २

‘अवटू’विषयी थोडे. पाठ्यपुस्तकांमुळे तो आपल्या ओळखीचा आहे, पण संस्कृतात ‘अवटु’ म्हणजे मानेची मागची बाजू. अमरकोशात तो ‘घाटा’ आणि ‘कृकाटिका’ यांच्या शेजारी येतो. गळ्याच्या पुढच्या भागातील ग्रंथीला मानेमागचे नाव मिळाले, हे मला आजही खटकते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ढाल असा असून इंग्रज वैद्य टॉमस व्हार्टन यांनी १६५६ मध्ये ग्रंथीला ते नाव दिले. ‘संप्रेरक’ मात्र उत्तम जमला आहे. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केलेला ‘हॉर्मोन’ ‘चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला, आणि मराठी शब्दात तीच प्रेरणा जशीच्या तशी उतरली आहे.

तरीही ‘अवटू वाढली’ म्हटल्याने तिढा सुटत नाही, कारण तो नामात नसून ‘वाढणे’ या क्रियापदाला नेमका कर्ता न देण्यात आहे. ‘अवटूची अल्पक्रियता’ अचूक आहे, पण घरात कोणी असे बोलणार नाही. ‘थायरॉईड मंद झाली आहे’ हे मला चालण्याजोगे वाटते.

प्रश्नकर्ता

तगाद्याचा दृष्टान्त मावशीला लगेच पटला. तिची पुढची शंका अशी: सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासल्यावर आकडा खाली आला, तर ‘थायरॉईड उतरला’ म्हणायचे का?

प्रतिसाद १

नाही. ‘टीएसएच उतरला’ म्हणावे. थायरॉईड तेव्हाही मंदच असू शकते, काम गोळी करत असते. म्हणून आकडा उतरला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नये, एवढे मावशींना जरूर सांगा.